जर्मनमधलं सविनय निवेदन

‘आपली अति कृपा होईल’ हे वाक्य मला एकाच पत्रात तिसऱ्यांदा सापडलं, तेव्हा मी लाल पेन टेबलावर ठेवलं. पत्र जर्मनमध्ये होतं. लिहिणारी समोर बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेवर, आत्ता उठायला सांगतील अशा बेतानं.

“ज्योती, हे पत्र कोणाला आहे?”

“वॉर्डच्या हेडले, मॅडम.”

“कशासाठी?”

“ड्युटी बदलून पाहिजे म्हणून.”

“मग ड्युटीचं कुठे लिहिलंय?”

तिनं कागद पुढे ओढला आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या वरचं सगळं पान नमस्कार, तसदीबद्दल क्षमा, हेडबाईंच्या मोठ्या मनाचं वर्णन आणि आपल्या लहानपणाची कबुली यात गेलं होतं. ड्युटी कोणती, कधी, का बदलायची, हे जेमतेम एका वाक्यात होतं. शेवटी ‘आपली आज्ञाधारक’ आणि सही.

व्याकरण बरं होतं, हेच वाईट होतं. व्याकरण चुकलं असतं तर मला काय शिकवायचं ते कळलं असतं.

थोडं माझ्याविषयी सांगते. मी पुण्याला एका मशिनरीच्या कंपनीत अनुवादक होते. जर्मन इंजिनिअर जाडजूड मॅन्युअल लिहायचे आणि ती इकडच्या माणसांना कळतील अशी करणं हे माझं काम. रिटायर झाल्यावर मी माहेरगावी, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला परत आले आणि सिंधीपुऱ्यातल्या घराच्या वरच्या मजल्यावर क्लास सुरू केला. ‘बुऱ्हाणपुरात जर्मन कोण शिकणार?’ असं सगळ्यांनी विचारलं. उत्तर सोपं आहे, नर्स शिकतात. जर्मनीत नर्स कमी आहेत, आपल्याकडे आहेत, आणि मध्ये भाषेचा डोंगर आहे. तो चढायला मी मदत करते. माझा स्वभाव तापट आहे, हे माझे विद्यार्थी तुम्हाला सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकते.

ज्योती महाजन जवळच्याच दापोरा गावची सून. वय छत्तीस. नवऱ्याची केळीची शेती, मुलगी तन्वी नववीत, घरात सासूबाई. स्वतः शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स. जर्मनीला कशाला जायचं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सगळे पैशाचं सांगतात. ही म्हणाली, “मॅडम, आमच्या वॉर्डात मी नुसती पळते. एका पेशंटजवळ धड उभी राहिली, तं दुसरा आवाज देते. मले एकदा नर्सिंग नीट करून पाहायचंय. जशी कॉलेजात शिकवली होती तशी.” मला ते फार आवडलं. मी तिला तसं सांगितलं नाही, कारण पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला डोक्यावर चढवायचं नसतं.

परीक्षेचं गणित असं. नर्सला बी-टू नावाची पातळी लागते, म्हणजे कामावर बोलता-लिहिता येईल एवढी भाषा. तिचे चार भाग असतात, वाचन, श्रवण, बोलणं आणि लेखन. चारही वेगवेगळे पास होता येतात. ज्योतीचे तीन झाले होते. लेखन दोनदा गेलं होतं. लेखनात एक पत्र हमखास येतं, वरिष्ठाला अडचण सांगण्याचं. आणि वरिष्ठ म्हटलं की ज्योतीचा हात आपोआप जोडला जायचा, पेनासकट.

हा दोष तिचा एकटीचा नव्हता. आमच्याकडे शाळेत अर्ज शिकवतात तो असाच. ‘सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय, सविनय निवेदन है कि’ इथून सुरुवात. पोट दुखतंय म्हणून सुट्टी हवी असली तरी आधी महोदयांना मखरात बसवायचं, मग पोटाकडे यायचं. मुलं ते पाठ करतात, दहाला दहा मार्क मिळवतात आणि जन्मभर तसंच लिहितात. जर्मन परीक्षकाला मात्र पोटाचं आधी सांगावं लागतं. मखराचे तो मार्क देत नाही, उलट जागा वाया घालवली म्हणून कापतो.

नर्सना जर्मनीला पाठवणाऱ्या इंदूरच्या एका एजन्सीचे मिश्राजी ज्योतीची फाईल बघत होते. एक जर्मन हॉस्पिटल तिला घ्यायला तयार होतं. व्हिडिओवर मुलाखत झालेली होती, त्यांना ती आवडली होती. दुसऱ्यांदा लेखन गेल्यावर मिश्राजींचा मला फोन आला.

“मैडम, वो लोग एक बार और रुकेंगे. बस. उसके बाद सीट दूसरी को जाएगी. अकोला की एक लड़की तैयार बैठी है.”

“तो बैठने दीजिए,” मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मी पुढच्या परीक्षेची तारीख शोधायला बसले.

आता माझ्या पद्धतीविषयी. माझ्या क्लासमध्ये एकच सक्तीचा नियम आहे. रोज झोपायच्या आत हातानं दहा ओळी जर्मनमध्ये लिहायच्या, फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. विषय एकच, आज काय घडलं. मी रोज फक्त दोन चुका दाखवते. बाकीच्या दिसतात, पण गिळते. कारण लाल शाईनं पान रंगवलं की दुसऱ्या दिवशी पान येत नाही, हे मी अनुभवानं शिकलेय. तरीसुद्धा हा नियम फार थोडे पाळतात. नव्याचे नऊ दिवस. मग ‘मॅडम, नेट नव्हतं’, मग ‘मॅडम, लग्न होतं’. आमच्या भागात लग्नं किती लागतात हे मला या क्लासमुळे कळलं.

ज्योती पाठवायची, पण तिची पानं निर्जीव असायची. एकदा तिनं लिहिलं, ‘सकाळी मी कॉफी पिते. मग ट्रामने कामाला जाते. शनिवारी मी मैत्रिणीबरोबर संग्रहालयात जाते.’

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “दापोऱ्याहून ट्राम कधी सुरू झाली?”

“मॅडम, बुकमध्ये तसंच आहे.”

“तू कशानं येतेस?”

“ऑटोनं. नाई तं आमच्या केळीच्या गाडीत, ड्रायव्हरच्या बाजूले.”

“मग ते लिही.”

“ते काय लिखायचं मॅडम? ते जर्मनमध्ये लिखण्यासारखं थोडी आहे!”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की मला त्याचा राग येणंही आता बंद झालंय. आपलं जगणं परभाषेत लिहिण्याच्या लायकीचं नाही, असं माणसं मनोमन धरून चालतात. मग दुसऱ्याचं जगणं उतरवून काढतात आणि कंटाळतात. कंटाळणारच. ट्रामशी तुमचा काय संबंध?

दुसऱ्या नापासानंतर ज्योतीची पानं थांबली. आधी एक दिवस, मग आठवडा. मी मेसेज केले, उत्तर नाही. शेवटी रागानं मी तिच्या हॉस्पिटलमध्ये गेले. निमित्त बीपी तपासण्याचं होतं. त्या दिवशी ते खरोखरच वाढलेलं निघालं.

मी पोचले तेव्हा दुपारची पाळी बदलत होती. पाळी संपवणारी नर्स पुढच्या नर्सला वॉर्ड समजावून देते, त्याला या लोकांत ‘ओव्हर देणं’ म्हणतात. ज्योती बेडमागून बेड ओव्हर देत चालली होती आणि मी खांबाआड उभी राहून ऐकत होते.

“बेड चार. बाई, साठ वर्षं, काल ऑपरेशन. ताप नाई. सलाईन संपत आलं, बदलायचं. जेवत नाई. लेकीच्या हातचं मागते, लेकीले फोन केलाय, संध्याकाळी येते. पायाले सूज आहे, डॉक्टरले दाखवायचं राहिलं. राउंडले आठवणीनं सांगजो.”

पुढचा बेड. पुन्हा तसंच. कोण, काय झालं, आत्ता कसं आहे, काय राहिलं, पुढे काय करायचं. एकही शब्द जास्त नाही. समोरची नर्स तिच्यापेक्षा सीनियर होती. ज्योतीनं तिला ना नमस्कार घातला ना क्षमा मागितली, आणि त्या बाईंना त्यात काही वावगंही वाटलं नाही. ही बाई एवढी नेमकी बोलू शकते आणि मी इतके महिने तिची ट्रामची पानं तपासत होते! मला तिथेच टाळी वाजवावीशी वाटली. वॉर्ड होता म्हणून वाजवली नाही.

ओव्हर संपल्यावर मी तिला गाठलं. मला बघून तिचा चेहरा उतरला.

“मॅडम, माझ्यानं नाई होत आता. घरी जाऊन कोरं पान पाहिलं का डोकं बंद पडते.”

“आत्ता तू केलंस ते जर्मनमध्ये लिही.”

“ओव्हर?”

“ओव्हर. वॉर्डचा नाही, पेशंटचं बाहेर काढायचं नसतं. घराचा दे. आजचा दिवस उद्याच्या पाळीला समजावून सांग.”

ती हसली. “त्याले काय लिखणं म्हणतात?”

“मी म्हणते. फी मी घेते ना? मग मी ठरवणार.”

त्या संध्याकाळी पान आलं. मी ते इथे मराठीत देते, मूळ जर्मन मला पाठ आहे. ‘सासूबाई. वय एकाहत्तर. उजवा गुडघा दुखतो. राग आहे, सकाळपासून. कारण माहीत नाही. चहा दोनदा घेतला. दुसऱ्या चहात साखर कमी पडली असावी. नवरा शेतात. तन्वीला गणित समजलं नाही, ती समजलं म्हणते. उद्यासाठी: गणित तपासणे. साखर बघणे.’

मी एकटीच खो खो हसले. चुका होत्या, सात-आठ तरी. मी दोनच दाखवल्या आणि खाली लिहिलं, ‘उद्या रागाचं कारण कळव.’

दुसऱ्या दिवशी कारण आलं. कारण असं होतं की सासूबाईंना न सांगता ज्योतीनं दळण गिरणीत पाठवलं होतं. पण ही गोष्ट तिला कळली कशी, ते त्याहून महत्त्वाचं. तिनं आदल्या संध्याकाळी ते पान सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. आधी जर्मनमध्ये, मग आपल्या बोलीत. ‘रोज काय खरडत असते’ म्हणून त्याच विचारायला आल्या होत्या. आणि त्यांनी ऐकून हरकत घेतली होती.

“हे लबाड लिखलं वं तू,” सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आत्याबाई, म्हणाल्या म्हणे. “राग सकायपासून नव्हता. दळण गेलं तेव्हापासून होता. नीट लिख. तिकडचे लोक काय म्हणतीन, बुढी बिनाकारण चिडते?”

मग काय! आत्याबाई रोज संध्याकाळी ओसरीवर बसून पानाची वाट पाहू लागल्या. जर्मनचं अक्षर कळत नव्हतं, पण तेही आधी ऐकायचंच, असा त्यांचा हट्ट. “तिचा आवाज बदलते त्या भाषेत,” त्या मला नंतर म्हणाल्या, “जरा साहेबासारखा होते.” मग बोलीतलं ऐकून तपासणी. भाजी कोणी केली, पाहुणे किती वाजता उठले, म्हैस व्यायली तेव्हा दिवा कोणी धरला, यात तडजोड नाही. चुकलं की ज्योतीनं खोडून पुन्हा लिहायचं.

हळूहळू शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. एका काकूंनी तर तक्रारच केली, “मी काल एवढे मांडे करून आणले, माह्यं नाव नाई लिखलं?” मांडे म्हणजे आमच्याकडची ती उलट्या मडक्यावर भाजलेली रुमालाएवढी पातळ पोळी. जर्मनमध्ये मांडे कसे लिहायचे, यावर मला आठ वाजता फोन आला. मी सांगितलं, “नाव मांडेच ठेव. आणि ते कसं करतात ते सांग.” पुढच्या दिवशी जे वर्णन आलं ते वाचून मला भूक लागली. पुण्यातल्या नोकरीत एवढी मॅन्युअल मी अनुवादली, एकाही मॅन्युअलनं मला भूक लागली नव्हती.

मला विद्यार्थी नेहमी विचारतात, मॅडम, मोटिव्हेशन कसं टिकवायचं? जणू ते बाजारात मिळतं आणि मी दुकान दाखवत नाहीये. ज्योतीचं कसं टिकलं ते मी बघितलंय. ओसरीवर एक म्हातारी वाट बघत बसली होती. ज्या दिवशी लिहायची इच्छा नसेल त्या दिवशी तिला काय सांगायचं, हा प्रश्न जर्मनपेक्षा अवघड होता, म्हणून ज्योती लिहायची.

तरी दिवस काही सगळे सारखे नव्हते. एकदा बागेची कटाई होती, म्हणजे केळीचे घड उतरवून ट्रकमध्ये भरायचा दिवस. त्या दिवशी मजुरांचा स्वयंपाक करून ती ड्युटीला गेली, परत येऊन भांडी. त्या दिवसाचं पान असं होतं. ‘आज कटाई. भाकरी मोजल्या नाहीत. पाय सुजले. माझा ओव्हर मी कोणाला द्यायचा?’ एवढंच. दहा ओळी नव्हत्या. मी ते चांगलं पुन्हापुन्हा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. त्या दिवशी मी एकही चूक दाखवली नाही. खाली फक्त ‘मिळाला’ असं लिहून पाठवलं.

दरम्यान पत्रं सुधारत होती. हेडबाईंना पत्र लिहायचं तर हेडबाई म्हणजे पुढच्या पाळीची नर्स समजायची, एवढं मी तिला सांगितलं. सुरुवातीला एक सभ्य नमस्कार, शेवटी एक सभ्य नमस्कार, मधे ओव्हर. काय झालं, आत्ता कसं आहे, काय हवं, कधीपर्यंत. कधीकधी हात पुन्हा जोडले जायचे. मग मी समासात एक छोटं मखर काढायचे. ती ओळखायची.

तिसऱ्या वेळी लेखन पास झालं, आणि चांगल्या मार्कांनी. मी तिला फोन केला तेव्हा मागून आत्याबाईंचा आवाज आला, “माह्या गुडघ्याचं विचारलं होतं का पेपरात?” ज्योतीनं नाही सांगितल्यावर त्या जरा नाराज झाल्या असाव्यात. तरी दुसऱ्या दिवशी तन्वीबरोबर क्लासला दराबा आला. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून करतात तो आमच्या गावचा हलवा. माझ्या मधुमेहाचा विचार मी दुसऱ्या दिवसावर ढकलला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मग करार आला.

मुलाखतीत ज्योतीनं स्पष्ट सांगितलं होतं की मुलगी दहावीला जाणार आहे, तिची बोर्डाची परीक्षा मार्चपर्यंत चालेल, मी एप्रिलमध्ये येईन. पलीकडच्या बाईंनी मान डोलावून ‘एप्रिल’ म्हटलं होतं. मी बाजूलाच बसले होते. आणि करारात रुजू होण्याची तारीख होती एक फेब्रुवारी.

मिश्राजींना विचारलं. “मैडम, साइन करवा दीजिए. वो बड़े लोग हैं, उनका सिस्टम है. इतने पर किच-किच करेंगे तो बोलेंगे, रहने दो. अकोला वाली आज ही साइन कर देगी.”

“पर बात अप्रैल की हुई थी.”

“बात तो बहुत होती है, मैडम.”

मी दापोऱ्याला गेले. घरात सगळे बसले होते. नवरा, विलास, सज्जन माणूस, कमी बोलतो. तो म्हणाला, “मी सांभाळतो तन्वीले. तू जाय. आता कुठं अडू नको.” आत्याबाईही तेच म्हणाल्या. खुद्द तन्वी म्हणाली, “मम्मी, तू जा ना, मैं कर लूँगी.” ती हे बोलताना आईकडे बघत नव्हती.

ज्योतीनं कराराचा कागद परत वाचला. “मी तिले शब्द दिला होता,” ती म्हणाली. “पेपरच्या वख्ती मी घरी राहीन. मी पत्र लिखते.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शिक्षक, मी सांगावं. आणि खरं सांगते, मी घाबरले. या बाईनं इतकी मेहनत केलेली, हातातोंडाशी आलेला घास, आणि एका तारखेसाठी तो जाणार. मी म्हणाले, “लिही, पण जरा सांभाळून. आधी आभार मान. मग तसदीबद्दल क्षमा माग. मग लिही की शक्य असल्यास, आपल्याला गैरसोय होत नसल्यास...”

ज्योती माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम,” ती हळूच म्हणाली, “हे तं तुम्हीच काटायच्या.”

मी पेन तिच्याकडे सरकवलं. दुसरं काय करणार!

तिनं तिथेच, ओसरीवर बसून लिहिलं. मुलाखतीत एप्रिल ठरलं होतं. करारात फेब्रुवारी आहे. माझ्या मुलीची परीक्षा मार्चअखेर संपते, तोपर्यंत मी घरी असणं गरजेचं आहे. ही तारीख मला चालणार नाही. एक एप्रिलपासून मी हजर राहीन. तोपर्यंत तुमचं ऑनलाइन प्रशिक्षण इथून पूर्ण करू शकते. कृपया दुरुस्त केलेला करार पाठवावा. वर नमस्कार, खाली नमस्कार, सही. मी वाचलं. एक चूक होती, ती दाखवली. दुसरी शोधली, सापडली नाही.

मेल गेला. मिश्राजींना कळलं तेव्हा त्यांनी मला फोनवर जे सुनावलं त्यातलं ‘आपने लड़की की लाइफ़ ख़राब कर दी’ एवढं इथे छापण्यासारखं आहे. पुढचे दिवस फार वाईट गेले. उत्तर नाही. मी दिवसातून चारदा फोन करून विचारायचे, इतकं की ज्योतीच मला समजावू लागली. तिची पानं मात्र रोज येत होती. ‘उत्तर आलं नाही. तन्वीची भूमिती झाली. विलास रात्री झोपत नाहीत, झोपतो म्हणतात. उद्यासाठी: काही नाही. वाट पाहणे.’ मी ती पानं वाचत होते आणि ही बाई कशाची बनलेली आहे, असं मनात म्हणत होते. जागा तिची जाणार होती आणि धीर मला द्यावा लागत होता.

मग उत्तर आलं. तीन ओळींचं. मी ते ज्योतीच्या ओसरीवर, सगळ्यांच्या समोर वाचून दाखवलं. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे. करार तयार करताना आमच्याकडून दुसऱ्या गटाची तारीख टाकली गेली. एप्रिलचा करार सोबत जोडला आहे, कळवल्याबद्दल आभार.’

विलास उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आत्याबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, “मतलब, ते रागावलेच नाई?”

“नाही.”

“नुसती चूक झाली होती?”

“हो.”

म्हाताऱ्या बाईंनी थोडा विचार केला. “मंग आपण एवढे दिवस भ्यायलो ते कोणाले?”

मी जोडलेला करार उघडून तारीख पुन्हा तपासली. एक एप्रिलच होती.

ज्योती एप्रिलमध्ये गेली. तन्वी पास झाली. मार्क विचारू नका, आईनं ज्यासाठी घास पणाला लावला त्याला शोभतील असे ते नाहीत. पण प्रत्येक पेपरला आई शाळेच्या फाटकापर्यंत आली होती, आणि तन्वीच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. मिश्राजी आता इतर नर्सना सांगतात की तारीख नीट बघून साइन करा. ही अक्कल त्यांना कुठून आली हे ते सांगत नाहीत.

रोज दहा ओळी लिहा म्हणजे भाषा येते, हे मी कित्येक वर्षं सांगत आलेय. ते खरंच आहे. पण एवढे दिवस, एवढ्या ओळी कशासाठी लिहायच्या, असं कोणी विचारलं तर मी परीक्षेचं नाव घ्यायचे. आता घेत नाही. आता सांगते, आयुष्यात एखाद्याच दिवशी ‘ही तारीख मला चालणार नाही’ असं एक वाक्य लिहायची वेळ येते. त्या दिवशी हात जोडलेला नसावा, म्हणून.